‘काय पेटलंय त्यात?’ : मंद तेवणाऱ्या दीर्घिकांच्या पोटातला विस्तव

निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली गेला की द्राक्षवाल्यांच्या घरात रात्री कुणी झोपत नाही. साखर भरत आलेले मणी थंडीनं तडकतात आणि वर्षभराची मेहनत दोन रात्रींत मातीमोल होते. मग बांधाबांधाला शेकोट्या पेटतात. छाटणीच्या काड्या, लाकडाचा भुसा आणि वर ओला पाला, म्हणजे जाळ कमी, धूर जास्त. अशाच एका जानेवारीतल्या पहाटे चार वाजता मी मित्राच्या मामांच्या बागेत आठ इंची दुर्बीण लावून बसलो होतो. नाशिक शहरात रस्त्यावरच्या दिव्यांपुढे आता तारे टिकत नाहीत, म्हणून असं पळून यावं लागतं. धूर आणि दुर्बीण यांचं खरं तर वाकडं, पण वारा पलीकडे होता.

कन्या रास डोक्यावर आली होती. दुर्बिणीत ‘एम८७’ नावाची दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा गोतावळा, लावली होती. दिसायला काय, तर पुसट गोल डाग. मामा शेकोटीत काड्या सारून हात चोळत आले आणि वाकून डोळा लावला.

“काचेवर दव बसलंय का रे?”

“नाही मामा, ती दीर्घिका आहे. साडेपाच कोटी वर्षांपूर्वी निघालेला उजेड बघताय तुम्ही.”

मामा थोडा वेळ तसेच वाकून राहिले. मग म्हणाले, “एवढ्या लांबून दिसतंय म्हंजे काहीतरी चांगलंच पेटलेलं असणार. काय पेटलंय त्यात?”

‘कृष्णविवर’ हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. मी तो गिळला. कारण ते उत्तर चूक नसलं तरी अर्धवट आहे, आणि या अर्धवटपणावरून खगोलशास्त्रात चार दशकं घासाघीस चालली आहे.

आधी एक कबुली. मामांना दिसलेला डाग म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा एकत्र उजेड. त्यात कोडं काही नाही. कोडं आहे ते डागाच्या अगदी मधोमध, दीर्घिकेच्या केंद्रकात. तिथला वायू असा काही चमकतो की नुसत्या नेहमीच्या ताऱ्यांनी त्याचा हिशेब लागत नाही.

काही दीर्घिकांची केंद्रकं भलतीच तेजस्वी असतात, हे १९४३ साली कार्ल सायफर्ट या अमेरिकी शास्त्रज्ञानं नीट नोंदवलं. १९६३ साली मार्टन श्मिट यांनी ‘३सी २७३’ नावाचा ताऱ्यासारखा दिसणारा ठिपका प्रत्यक्षात दोन अब्ज प्रकाशवर्षांच्याही पलीकडे आहे, हे दाखवलं. इतक्या लांबून ताऱ्यासारखा दिसायचा, तर त्याचं तेज अख्ख्या दीर्घिकेपेक्षा कितीतरी पट असायला हवं. हे क्वेसार. यांच्या पोटात कोट्यवधी किंवा अब्जावधी सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर असतं आणि त्यात पडणारा वायू पडता पडता तापून हा उजेड देतो, यावर आज फारसं दुमत नाही. सूर्यात हायड्रोजनचं हेलियम होताना वस्तुमानाच्या ०.७ टक्का ऊर्जा निघते. कृष्णविवराभोवतीच्या चकतीत तोच हिशेब १० टक्क्यांच्या घरात जातो. एवढ्या थोड्या जागेतून एवढी ऊर्जा काढणारी दुसरी भट्टी निसर्गात ठाऊक नाही.

हे झालं ढणढणत्या जाळाचं. पण वणवा कशाचा आहे हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. अडचण येते ती धुमसणाऱ्या ढिगाऱ्याशी.

१९८० साली टिमथी हेकमन यांनी जवळपासच्या दीर्घिकांच्या केंद्रकांचे वर्णपट तपासून एक वेगळी जात ओळखली आणि तिला एक लांबलचक नाव दिलं. त्याच्या आद्याक्षरांचा झाला ‘लायनर’. अर्थ साधा : केंद्रकातला असा चमकणारा वायू, ज्यातले अणू थोडेच उघडे पडलेले आहेत, म्हणजे त्यांचे मोजकेच इलेक्ट्रॉन उडालेले आहेत. मामांनी पाहिलेली एम८७ याच जातीतली. या नावाची एक गोष्ट मला फार आवडते. ते धुराचं नाव आहे, विस्तवाचं नाही. काय दिसतं ते त्यात आहे. कशामुळे दिसतं, याबद्दल त्या नावानं मुद्दाम तोंड मिटलेलं आहे.

हा धूर वाचतात कसा, ते जरा जवळून बघू. सगळा मामला तिथेच आहे.

दीर्घिकेच्या मध्यभागाचा प्रकाश लोलकासारख्या यंत्रातून पसरवला की ताऱ्यांचा सपाट उजेड आणि त्यावर उभ्या राहिलेल्या काही टोकदार रेषा दिसतात. या रेषा वायूच्या. हायड्रोजनची तांबडी रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर, तिला चिकटून नायट्रोजनची ६५८.४ वर. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची हिरवी रेषा ५००.७ वर. आणि एकही इलेक्ट्रॉन न गमावलेल्या, म्हणजे धडधाकट ऑक्सिजनची तांबडी रेषा ६३० वर. ही शेवटची आपल्या ओळखीची आहे. मे २०२४ मध्ये मोठं सौरवादळ आलं आणि लडाखमध्ये हानले इथून आकाश लालसर दिसलं, त्या ध्रुवीय प्रकाशाचा लाल रंग याच रेषेचा.

हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन उडवायला १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. ऑक्सिजनचे दोन उडवायचे तर दुसऱ्यासाठी ३५ च्या वर. म्हणून हिरवी रेषा जोरात असेल, तर वायूवर कडक अतिनील किरणांचा चांगला मारा होतोय हे समजतं. सायफर्टच्या केंद्रकांत ती अशीच दणदणीत असते. लायनरमध्ये ती मरगळलेली असते, आणि उलट धडधाकट ऑक्सिजनची तांबडी रेषा जोरदार. इथे पंचाईत होते. मारा कमी आहे म्हणावं, तर नुसत्या तरुण ताऱ्याभोवतीच्या वायूत असं चित्र दिसत नाही. तिथे पूर्ण उघडा पडलेला वायू आणि शाबूत वायू यांच्यातली सीमा बांध घातल्यासारखी बारीक असते. धडधाकट ऑक्सिजन गरम वायूत मिसळून चमकायला तिथे जागाच नाही. तशी जागा व्हायची, तर वायूत खोलवर शिरणारे कडक किरण हवेत आणि तेही विरळ, म्हणजे अर्धवट तापलेला जाड पट्टा तयार होईल. किंवा मग वायूचे लोट एकमेकांवर आदळून तापायला हवेत.

१९८१ साली बाल्डविन, फिलिप्स आणि टर्लेविच यांनी या रेषांच्या गुणोत्तरांचा आलेख मांडला. आडव्या अक्षावर नायट्रोजन भागिले हायड्रोजन, उभ्यावर हिरवा ऑक्सिजन भागिले हायड्रोजन. कुठली दीर्घिका आलेखात कुठे पडते यावरून तिची जात ठरवायची. आजही हा आलेख खगोलशास्त्रात रोजच्या वापरात आहे. पण त्याच्या तिसऱ्या कोपऱ्यात, लायनरच्या, वेगवेगळ्या विस्तवांचे धूर एकत्र येऊन बसतात. काडीचा, भुशाचा, गोवरीचा, सगळ्यांचा रंग सारखाच.

हे प्रकरण कोपऱ्यातलं म्हणून सोडून द्यावं, तर तसंही नाही. लुइस हो, अलेक्स फिलिपेंको आणि वॉलेस सार्जंट यांनी पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीतून जवळच्या ४८६ तेजस्वी दीर्घिकांची केंद्रकं तपासली. १९९७ साली आलेले आकडे असे : ४० टक्क्यांहून अधिक केंद्रकांत सक्रियतेची, म्हणजे नेहमीच्या ताऱ्यांनी हिशेब न लागणाऱ्या चमकेची, काही ना काही खूण, आणि त्यांतला मोठा वाटा लायनर व लायनरच्या मिश्र जातींचा. म्हणजे शेजारपाजारच्या दर तीन मोठ्या दीर्घिकांमागे साधारण एक अशी धुमसते आहे. क्वेसार हे गावातलं लग्न. लायनर ही रोजची चूल.

संशयित चार होते. पहिला, उपाशीपोटी बसलेलं कृष्णविवर. दुसरा, वायूच्या लोटांची टक्कर. तिसरा, अतिशय तापलेले तरुण तारे, ज्यांच्या बाजूनं १९८५ मध्ये टर्लेविच आणि मेल्निक यांनी वकिली केली. हा तिसरा बऱ्याच अंशी सुटला, कारण लायनर सापडतात ते प्रामुख्यानं जुन्या ताऱ्यांनी भरलेल्या म्हाताऱ्या दीर्घिकांत. तिथे तरुण कुठून आणायचे?

चौथ्या संशयिताकडे सुरुवातीला कुणी फारसं बघितलंच नाही. तो होता म्हातारा तारा.

सूर्यासारखा तारा आयुष्याच्या अखेरीस फुगून लाल होतो, अंगावरची वस्त्रं उतरवल्यासारखे बाहेरचे थर सोडून देतो, आणि आतला गाभा उघडा पडतो. हा गाभा पुढे श्वेतबटू होऊन थंडावणार असतो, पण त्याआधीचा काही काळ त्याचं तापमान लाख अंशांच्या घरात असतं. आपला सूर्य वरून साडेपाच हजार अंश, तेजस्वी तरुण तारे तीस ते पन्नास हजार. हा म्हातारा त्या सगळ्यांपेक्षा कडक. एकट्याचा जोर फार नाही, पण जुन्या दीर्घिकेत असे असंख्य विखुरलेले असतात. १९९४ साली ल्यूक बिनेट आणि सहकाऱ्यांनी गणित करून दाखवलं की अशा म्हाताऱ्यांचा एकत्रित कडक प्रकाश विरळ वायूवर पडला, तर लायनरसारखाच वर्णपट मिळू शकतो.

आता निफाडकडे परत. समजा, त्या पहाटे तुम्ही पांडवलेण्याच्या डोंगरावरून निफाडच्या दिशेनं पाहताय आणि क्षितिजाजवळ एक पुसट लालसर उजेड दिसतोय. ती एका वीटभट्टीची आग, की शंभर बागांच्या शेकोट्या? तेवढ्या अंतरावरून सगळं एकमेकांत मिसळतं. फरक कळायचा तर जवळ जायला हवं, किंवा डोळा तरी तीक्ष्ण हवा.

दीर्घिकांच्या बाबतीत बराच गोंधळ इथेच झाला होता. स्लोन सर्वेक्षणानं लाखो दीर्घिकांचे वर्णपट घेतले, पण दर दीर्घिकेवर एक प्रकाशतंतू लावून. तो तंतू आकाशात अंशाचा बाराशेवा भाग व्यापत असे. ऐकायला चिमुकला, पण दीर्घिका सव्वा अब्ज प्रकाशवर्षांच्या आसपास दूर असेल, तर तेवढ्यात १८ हजार प्रकाशवर्षांचा पट्टा येतो. त्याला ‘केंद्रक’ म्हणणं म्हणजे सगळ्या निफाड तालुक्याला शेकोटी म्हणण्यासारखं.

मग आली ती दीर्घिकेवर शेकडो तंतूंची मोळी लावून जागोजागचा वर्णपट घेणारी यंत्रं. स्पेनमधल्या कलार आल्तो वेधशाळेच्या ‘कॅलिफा’ सर्वेक्षणातून २०१३ साली ४८ लायनरसारख्या दीर्घिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कसोटी शाळेतल्या पुस्तकातली. मधे एकच दिवा असेल, तर दुप्पट अंतरावर त्याचा उजेड चौथाई पडतो. वायूची चमक या नियमानं उतरते का? उतरत नव्हती. केंद्रापासून लांब गेलं तरी चमक सावकाश कमी होत होती, जिथे जिथे जुने तारे तिथे तिथे वायू चमकत होता. थोडक्यात, शेकोट्या. नंतरच्या ‘मांगा’ सर्वेक्षणातही असंच दिसलं. २०१६ मध्ये फ्रान्चेस्को बेल्फिओरे आणि सहकाऱ्यांनी तर लायनरच्या नावातलं ‘केंद्रक’ दाखवणारं अक्षरच काढून टाकलं. नुसतं ‘लायर’. एक अक्षर गाळून भांडण मिटवायची ही पद्धत आपल्याकडच्या सातबाऱ्यावर चालायला हवी होती.

त्याआधी २०११ मध्ये ब्राझीलच्या रॉबर्टो सिड फर्नांडिस यांनी एक सोपी चाळणी दिली होती. हायड्रोजनची तांबडी रेषा तिच्याखालच्या ताऱ्यांच्या उजेडाच्या मानानं किती ठळक आहे ते मोजायचं. नुसत्या म्हाताऱ्या ताऱ्यांच्या जोरावर हा ठळकपणा ठरावीक मर्यादेपलीकडे, म्हणजे ३ अँगस्ट्रॉमपलीकडे (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग), जात नाही. त्याच्या आतलं सगळं ‘निवृत्त दीर्घिका’ म्हणून बाजूला काढायचं. पेन्शनीत भागतंय, तोवर दुसरी कमाई शोधू नये, असा तो न्याय.

एवढं वाचून वाटेल, कृष्णविवर सुटलं. तसं नाही. ही सगळी साक्ष हजारो प्रकाशवर्षांवर पसरलेल्या वायूची आहे. अगदी मधल्या काही शे प्रकाशवर्षांत काय चाललंय, ते वेगळ्या डोळ्यांनी बघावं लागतं.

पहिला डोळा क्ष-किरणांचा. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची ‘चंद्रा’ दुर्बीण जुलै १९९९ मध्ये अवकाशात गेली. अंशाच्या सात हजाराव्या भागाइतका बारकावा ती टिपते. लायनरांवर ती रोखली, तेव्हा निम्म्याहून अधिक ठिकाणी ठीक मधोमध एक टोकदार, कडक क्ष-किरणांचा ठिपका सापडला. म्हातारे तारे असं एका ठिकाणी गोळा होऊन कडक क्ष-किरण देत नाहीत.

दुसरा डोळा रेडिओचा. नाशिकहून पुण्याला जाताना आळेफाटा मागे पडला की नारायणगाव येतं. तिथून खोडदला वळलं की जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या थाळ्या. एकेक ४५ मीटर व्यासाची, अशा ३०. लांब तरंगलांबीच्या रेडिओ लहरींत पूर्वी कधीतरी कृष्णविवरानं फेकलेल्या आणि आता विझत चाललेल्या वायूचे फुगे अशा दुर्बिणींना दिसतात, म्हणजे कालच्या जेवणाची खरकटी भांडी. केंद्रातला बारीक ठिपका बघायला मात्र हजारो किलोमीटर लांबच्या थाळ्या एकत्र जोडाव्या लागतात. तशा जोडल्या तर बऱ्याच लायनरांच्या मध्यावर तो ठिपका आणि कधी त्यातून निघालेला बारीक झोत दिसतो.

मला सगळ्यांत पटणारा पुरावा चंचलपणाचा. २००५ साली डॅन माओझ आणि सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीतून १७ लायनरांचा अतिनील उजेड पुन्हा पुन्हा मोजला. बहुतेकांचा उजेड महिन्या-वर्षांत कमीजास्त होत होता. लाखो म्हातारे तारे ठरवून एकदम मंद किंवा प्रखर होणार नाहीत. शंभर बागांतल्या शेकोट्या एकाच क्षणी भडकल्या, तर समजावं की त्या शेकोट्या नव्हेतच. १९९३ मध्ये थाइसा स्टॉर्की-बर्गमन यांनी तर ‘एनजीसी १०९७’ या लायनरमध्ये हायड्रोजनची रेषा अचानक रुंद होऊन तिला दोन शिंगं फुटल्याचं जाहीर केलं. एक शिंग आपल्याकडे येणाऱ्या वायूचं, दुसरं दूर जाणाऱ्याचं. सेकंदाला हजारो किलोमीटर वेगानं काहीतरी फिरत होतं.

मग चोर सापडला का? पुन्हा नाही. २०१० मध्ये मायकल एराक्लियस आणि सहकाऱ्यांनी ३५ लायनरांचा जमाखर्च मांडला. हायड्रोजनच्या तांबड्या रेषेचा एक प्रकाशकण मिळायला अणूतला इलेक्ट्रॉन उडवू शकणारे साधारण सव्वादोन प्रकाशकण खर्ची पडतात. तेव्हा रेषेवरून खर्च कळतो आणि मधल्या ठिपक्याच्या क्ष-किरण, अतिनील मोजणीवरून जमा. बहुतेक ठिकाणी जमा कमी पडली. मधे कृष्णविवर आहे, जागं आहे, काही खातंही आहे, पण सभोवतालचा सगळा वायू चमकवायला त्याची कमाई पुरत नाही. उरलेला खर्च म्हातारे तारे भागवतात, काही ठिकाणी वायूच्या टकरी. खुद्द एम८७ च्या मधल्या वायूच्या चकतीत टकरींचा हात असल्याचं मांडलं गेलं आहे. प्रश्न ‘यांपैकी कोण?’ असा विचारला, तिथेच चूक होती. ‘केंद्रापासून किती अंतरावर, कुणाचा किती वाटा?’ असा तो विचारायला हवा.

आता यातला सगळ्यांत सुंदर भाग. कृष्णविवर मधे आहे तर ते एवढं मंद का?

एम८७ चं कृष्णविवर साडेसहा अब्ज सूर्यांच्या वजनाचं. १० एप्रिल २०१९ रोजी आलेलं पहिलंवहिलं कृष्णविवराचं छायाचित्र त्याचंच. एवढा मोठा पशू पूर्ण जोमानं खायला लागला, तर वर्षाला शंभरहून अधिक सूर्य गिळेल. त्याहून जास्त खाऊ म्हटलं तर स्वतःच्याच उजेडाचा दाब समोरचा घास मागे ढकलतो. पण ते छायाचित्र टिपणाऱ्या दुर्बीण-जाळ्यानंच २०२१ मध्ये मोजलेल्या प्रकाशाच्या ध्रुवणावरून, म्हणजे प्रकाशलहरी कुठल्या दिशेत कंप पावतात त्यावरून, अंदाज आला की तो वर्षाकाठी सूर्याचा साधारण हजारावा हिस्सा खातो, थोडं कमी किंवा थोडं जास्त. म्हणजे एखादा गुरू ग्रह. हत्तीला वर्षभरात पोत्याऐवजी मूठभर दाणे.

पण नुसती उपासमार हे पूर्ण उत्तर नाही. जे खातं, त्यातूनही उजेड नीट निघत नाही. याचं गणित १९९४-९५ मध्ये रमेश नारायण आणि इन्सू यी यांनी मांडलं. त्याचं बीज सेत्सुओ इचिमारू यांच्या १९७७ च्या कामात होतं.

कल्पना करा, लासलगावच्या बाजार समितीत भर हंगामाचा दिवस आहे. कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग, व्यापाऱ्यांची गर्दी, पावलोपावली बोली. माल आत आला की विकला जातो आणि रोकड होते. कृष्णविवराभोवतीच्या दाट चकतीत असंच चालतं. पडणाऱ्या वायूची उष्णता मुख्यतः जड प्रोटॉनांच्या अंगी येते, पण उजेड पाडायची कला हलक्या इलेक्ट्रॉनांकडे. दाटीत दोघं सतत धडकतात, उष्णता हस्तांतरित होते आणि इलेक्ट्रॉन ती उजेडाच्या रूपानं बाहेर टाकतात. चकती थंड राहते आणि चपटी होते.

आता बाजार ओस पडलाय असं समजा. चारदोन ट्रॅक्टर, व्यापारी कुठे दिसत नाही. ट्रॅक्टर एका फाटकातून शिरतो, गिऱ्हाईक न भेटताच पलीकडच्या फाटकातून मालासकट निघून जातो. विरळ वायूत प्रोटॉनची इलेक्ट्रॉनशी गाठच पडत नाही. उष्णता प्रोटॉनांपाशीच अडकते, वायू फुगून भाकरीच्या पिठाच्या गोळ्यासारखा गोल होतो, आणि उष्णतेसकट कृष्णविवरात जाऊन पडतो. पलीकडचं फाटक म्हणजे कृष्णविवराची सीमा. जाणारा माल परत येत नाही. तिथे कृष्णविवराऐवजी घट्ट पृष्ठभागाचा एखादा तारा असता, तर वायू त्यावर आपटला असता आणि दडवलेली उष्णता उजेड बनून बाहेर यावीच लागली असती. ती येत नाही, हाच मुळी तिथे पृष्ठभाग नसल्याचा एक पुरावा मानला जातो. मंदपणाच पुराव्याला कामी येतो, हे मला वाचताना दरवेळी गंमतीचं वाटतं.

यातला काही माल मात्र उलट्या दिशेनं बाहेर फेकला जातो. एम८७ मधून निघालेला सुमारे पाच हजार प्रकाशवर्षं लांबीचा झोत हेबर कर्टिस यांनी १९१८ मध्येच पाहून ‘चमत्कारिक सरळ किरण’ म्हणून नोंदवला होता. तो कशाचा, हे कळायला पुढची कित्येक दशकं गेली. मंद कृष्णविवरांची ऊर्जा उजेडापेक्षा अशा झोतांत नि वाऱ्यांत अधिक जाते. हे चूल न दिसता फुंकणी दिसण्यासारखं.

आपल्या घरचंच बघा. आकाशगंगेच्या मध्यावर ४३ लाख सूर्यांचं कृष्णविवर आहे, हे दाखवल्याबद्दल राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांना २०२० चं नोबेल मिळालं. ते लायनरही म्हणवत नाही, इतकं मलूल. पण आसपासच्या वायूच्या ढगांवरून परावर्तित होऊन येणाऱ्या क्ष-किरणांच्या ध्रुवणावरून २०२३ मध्ये दिसलं की, इथून पाहता सुमारे दोनशे वर्षांपूर्वी ते काही काळ बरंच भडकलं होतं. तेव्हा पेशवाई नुकतीच बुडाली होती. क्ष-किरण पाहणारं यंत्र तेव्हा असतं, तर गोष्ट त्याच दिवशी कळली असती.

धुमसणारा ढिगारा एकदम पेटही घेतो. २०१९ मध्ये पालोमारच्या झ्विकी सर्वेक्षणानं सहा लायनर असे पकडले, जे पाहता पाहता सायफर्ट किंवा क्वेसारसारखे उजळले. दीर्घिकेची तब्येत बदलायला लाखो वर्षं लागतात, असं आपण समजून चाललेलो असतो. हे सहा तर काही वर्षांत, काही तर काही महिन्यांत बदलले.

त्या पहाटे मी मामांना यातलं फार थोडं सांगितलं. म्हणालो, “मधे एक मोठा विस्तव आहे, पण ओल्या पाल्याखाली दाबल्यासारखा. आणि सगळ्या शेतभर म्हाताऱ्या काड्यांच्या बारक्या शेकोट्या आहेत. लांबून सगळा एकच धूर दिसतो.”

मामा म्हणाले, “मग कुठं किती पेटलंय ते मोजायला वावरात उतरावं लागतं,” आणि थर्मामीटर बघायला बागेत गेले.

एम८७ साठी आठ इंची दुर्बीण आणि थंडी दोन्ही सोसायची नसेल, तर एप्रिल बरा. रात्री अकराच्या सुमारास दक्षिणेला हस्ताची पाच बोटं दिसतात, त्यांच्या डावीकडे वर चित्रा. या दोघांच्या दरम्यान, हस्ताच्या जरा वर, एम१०४ ही दीर्घिका आहे. सुमारे तीन कोटी प्रकाशवर्षं दूर, पोटात अब्जभर सूर्यांचं कृष्णविवर, आणि पक्की लायनर. शहराबाहेर अंधाऱ्या जागी चांगल्या द्विनेत्रीतूनही ती आडव्या पुसट रेघेसारखी सापडते.